नोंद नसलेली व्याधी : वर्गातील हवा, अध्यापकाचा कंठ आणि कायद्याची दृष्टी – एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यवसायजन्य आरोग्याचा विचार आपल्याकडे बहुतांशी कारखान्याच्या चौकटीत झाला आहे. गिरणी, खाण, दगडफोड, रासायनिक उद्योग ही नावे घेतली की धूळ, धूर आणि फुप्फुस यांची सांगड आपोआप मनात येते. महाविद्यालयाचा वर्ग मात्र 'कामाची जागा' म्हणून सहसा डोळ्यांसमोर येत नाही. तो ज्ञानदानाचे पवित्र स्थान मानला जातो, आणि पवित्र स्थानी हवा मोजण्याची कोणास गरज वाटत नाही. परिणामी, दिवसातील चार-पाच तास एका बंदिस्त खोलीत, शंभराच्या आसपास माणसांसमोर, मोठ्या आवाजात बोलत राहणे हे ज्यांचे काम आहे, अशा अध्यापकवर्गाच्या श्वसनाचा आणि आवाजाचा प्रश्न आरोग्यशास्त्राच्या आणि कायद्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या मोकळ्या जागेची चिकित्सा करावयाची आहे. वर्गातील हवा आणि अध्यापकाचा आवाज हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि कायद्याने श्रमिकाच्या देहाची जी प्रतिमा गृहीत धरली आहे तीत फुप्फुसाला व कानाला स्थान असले तरी कंठाला स्थान नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

एका जुन्या ग्रंथातील सहवास

व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा प्रारंभ इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांच्या १७०० साली मोदेना येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून मानण्याची प्रथा आहे. रुग्णाला विचारावयाच्या पारंपरिक प्रश्नांत 'तुझा व्यवसाय कोणता?' या प्रश्नाची भर घालावी, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. ताग-अंबाडीचे तंतू पिंजणाऱ्यांना धुळीमुळे होणारा खोकला आणि दमा यांचा विचार ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात गायक, स्वरशिक्षक आणि आवाजावर पोट असणाऱ्या इतरांच्या व्याधींचाही विचार आहे. म्हणजे ज्ञानशाखेच्या उगमापाशी धुळीने कोंडलेले फुप्फुस आणि वापराने झिजलेला कंठ शेजारी-शेजारी नांदत होते.

पुढील काळात ही सोबत तुटली. औद्योगिक क्रांतीनंतर धूळ हा राज्यसंस्थेच्या आणि कामगार चळवळीच्या चिंतेचा विषय झाला, तर आवाज हा संगीत, नाट्य आणि वक्तृत्व यांच्या प्रांतात गेला. मराठीतही हीच विभागणी दिसते. गायक व नट यांच्या आवाजाच्या जोपासनेची आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे, डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या संगीतशास्त्रज्ञाने गायन, अभिनय आणि भाषण यांच्या संदर्भात आवाजाचा गंभीर विचार मांडला. परंतु या विचारात आवाज हे कलेचे साधन आहे. ते श्रमाचेही साधन आहे आणि साधन म्हणून ते झिजते, ही जाणीव श्रमविषयक लेखनात उतरली नाही.

गिरणीचा धडा

व्यवसाय आणि श्वसन यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढे गिरणगावाचे सारे जीवन कापसाच्या तंतूंभोवती विणले गेले. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत उडणाऱ्या धुळीमुळे बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार होतो. त्याचे लक्षण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि आठवडा पुढे सरकतो तसा त्रास कमी होत जातो. व्याधी मुरली की मग तो रोजचाच होतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी या 'सोमवारच्या' लक्षणावरूनच विकाराच्या पायऱ्या ठरविल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती विश्रांतीसाठी होती. पण व्याधीच्या निदानाच्या दृष्टीने ती तुलनेचा एक दिवसही ठरते. सुट्टी नसेल तर सोमवारही नाही, आणि सोमवार नसेल तर 'हा त्रास कामामुळे होतो' हे दाखविण्याचा सोपा मार्गही नाही. अध्यापकाच्या आवाजाचे चक्र याच्या नेमके उलट फिरते. सोमवारी कंठ मोकळा असतो, थकवा साठत जातो आणि शनिवारी आवाज बसतो. रविवारच्या मौनाने तो पुन्हा सावरतो. दोन्ही चक्रे एकाच गोष्टीची साक्ष देतात : व्याधीचे कारण कामात आहे. पहिल्या चक्राची दखल शास्त्राने आणि कायद्याने घेतली. दुसऱ्याकडे 'सरांचा घसा बसला' म्हणून खडीसाखर पुढे करण्यापलीकडे कोणी गेले नाही.

वर्गातील हवेचे गणित

कारखाने अधिनियम, १९४८ याच्या १३ व्या कलमात पुरेशा वायुवीजनाची, १४ व्या कलमात धूळ व धूर यांच्या निवारणाची आणि १६ व्या कलमात गर्दी टाळण्याची तरतूद होती. या अधिनियमानंतर बांधलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारास किमान १४.२ घनमीटर जागा मिळावी आणि ती मोजताना ४.२ मीटर उंचीवरील अवकाश हिशेबात धरू नये, असे हे कलम सांगे.

आता हाच मापदंड एका वर्गाला लावून पाहू. उदाहरणादाखल ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच अशी खोली घेतली तर तिचे घनफळ सुमारे २२७ घनमीटर भरते. कारखान्याच्या नियमाने या खोलीत जेमतेम १६ माणसे बसू शकतील. प्रत्यक्षात ८० विद्यार्थी आणि १ अध्यापक धरले तर दरडोई २.८ घनमीटर जागा वाट्यास येते. कारखान्याचा नियम पूर्ण पाळीभर श्रम करणाऱ्यांसाठी होता आणि विद्यार्थी काही काळच बसतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु विद्यार्थ्यांची तुकडी बदलते, त्या हवेत दिवसभर उभा राहणारा अध्यापक तोच राहतो.

जागेहून महत्त्वाचा आहे तो हवेचा पालट. १८५८ साली माक्स फॉन पेटेनकोफर यांनी कर्ब-द्विप्राणिल वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड हा खोलीतील हवेच्या शिळेपणाचा निर्देशक मानावा असे सुचविले आणि दहा लाख भागांत १००० भाग ही मर्यादा दिली. वर्गात आढळणाऱ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो. आपण इतरांनी सोडलेला श्वास किती प्रमाणात पुन्हा घेत आहोत, हे तो सांगतो. स्वस्थ बसलेला माणूस ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दरडोई दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर वर्गातील प्रमाण दहा लाखांत सुमारे ९२० भागांवर स्थिरावते. ती ३ लिटरवर आली तर ते २१०० च्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वायुवीजनविषयक मार्गदर्शनात निवासी नसलेल्या इमारतींसाठी दरडोई १० लिटरचाच आकडा सुचविला होता.

कोविड-१९ च्या साथीने या गणिताला मानवी चेहरा दिला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाच्या सरावास ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण बाधित वा संभाव्य बाधित ठरले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंदिस्त खोलीत उच्च स्वरात गाणाऱ्यांचा श्वास एकमेकांत कसा मिसळतो, याचे हे दारुण उदाहरण होय. वर्गात मोठ्याने बोलणारा अध्यापक खोल श्वास घेतो आणि अधिक सूक्ष्म तुषार सोडतो. तो वर्गाच्या हवेचा सर्वांत मोठा ग्राहक असतो आणि प्रसंगी सर्वांत मोठा दातासुद्धा.

खिडकीचा पेच

मग खिडक्या उघडाव्यात, एवढे सोपे उत्तर का पुरत नाही? याचे कारण आवाजात आहे. फ्रेंच कर्णतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले की, भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. खिडकी उघडली की रस्त्यावरची वाहने, कर्णे आणि शेजारच्या वर्गाचा गलका आत येतो. छताचे पंखे त्यात आपली घरघर मिसळतात. अध्यापकाचा स्वर चढतो. शिवाय खिडकीतून येणारी हवाही निर्दोष नसते. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी भारताने २००९ साली अधिसूचित केलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस केवळ ५ मायक्रोग्रॅमची आहे.

खिडकी बंद केली तर गोंगाट थांबतो, पण हवा कोंडते. वातानुकूलन यंत्र बसविणे हा 'आधुनिक' उपाय वाटतो. परंतु भिंतीवरील सर्वसाधारण यंत्र खोलीतीलच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. भरीस ते हवेतील ओलावा काढून घेते, आणि कोरड्या हवेत स्वरतंतूंच्या पृष्ठभागावरील ओलसर थर सुकतो व त्यांना कंप पावण्यासाठी अधिक दाब लावावा लागतो. खडूच्या धुळीची गोष्ट अशीच आहे. खडू जिप्समचा असो वा चुन्याचा, त्याची तुलना सिलिकाशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण कोरड्या डस्टरने फळा पुसताच उठणारा ढग नेमका बोलणाऱ्याच्या तोंडापाशी उठतो. त्याने घशात खवखव होते, खाकरावे लागते, आणि प्रत्येक खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात.

हा आघात किती, याचा अंदाज करता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे, आणि वर्षात ३० अध्यापन-आठवडे धरावयाचे. म्हणजे ४८० तास. त्यांपैकी स्वर प्रत्यक्ष उमटण्याचा काळ केवळ चौथा हिस्सा धरला आणि स्त्रीच्या बोलण्यातील कंपनसंख्या सेकंदाला २०० मानली, तर वर्षभरात स्वरतंतू ८ कोटी ६४ लाख वेळा एकमेकांवर आदळतात. पुरुषाच्या बाबतीत ही संख्या सुमारे निम्मी भरते. इतका वापर होणाऱ्या यंत्राच्या देखभालीची तरतूद कोणत्याही कारखान्याने केली असती.

अमेरिकेतील आयोवा व युटा या राज्यांत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी केलेले, २००४ साली प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण या संदर्भात उल्लेखनीय आहे. आयुष्यात केव्हा ना केव्हा आवाजाचा विकार झाल्याचे शिक्षकांपैकी ५७.७ टक्के जणांनी सांगितले. शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण २८.८ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते अधिक आढळले. हे सर्वेक्षण शालेय शिक्षकांचे आणि परदेशातील आहे. त्याचे आकडे आपल्या महाविद्यालयांना जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल. तथापि गर्दी, गोंगाट आणि धूळ या तिन्ही बाबतींत आपली स्थिती अधिक सुखाची असावी, असे मानण्यास आधार दिसत नाही.

कायद्यातील देह

आता कायद्याच्या पाठ्याकडे वळू. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय रोगांची यादी होती. तीत सिलिकोसिस होता, बिसिनोसिस होता, आणि गोंगाटामुळे येणारे बहिरेपणही होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली गेली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. तिच्या तिसऱ्या अनुसूचीतही या रोगांना स्थान आहे. आवाजाच्या विकारांना नाही. गोंगाटाने ऐकणाऱ्याचा कान गेला तर ती व्यवसायजन्य व्याधी; त्याच गोंगाटावर मात करताना बोलणाऱ्याचा कंठ गेला तर ती वैयक्तिक तक्रार! कायद्याला अपेक्षित असलेला श्रमिक श्वास घेतो आणि ऐकतो; तो बोलत नाही. हे केवळ वैद्यकीय दुर्लक्ष नव्हे, तर यंत्रासमोर मूकपणे उभ्या असलेल्या कामगाराची एकोणिसाव्या शतकातील प्रतिमाच येथे कायम राहिली आहे.

हे अपरिहार्य नाही, याची उदाहरणे आहेत. पोलंडमध्ये दीर्घकाळ आवाजाचा अतिवापर केल्यामुळे उद्भवणारे स्वरयंत्राचे ठरावीक विकार व्यवसायजन्य मानले जातात आणि त्यांचा लाभ मुख्यतः शिक्षकांना झाला आहे. स्पेनने २००६ च्या यादीत व्यवसायामुळे स्वरतंतूंवर येणाऱ्या गाठींचा समावेश केला.

आपल्याकडील अडचण यादीपुरती मर्यादित नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात शैक्षणिक संस्थांचा समावेश 'उद्योग' या संज्ञेत केला. मात्र १९८८ साली गोवा, दमण व दीव शासनाविरुद्धच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, ते शारीरिक, कारकुनी वा तांत्रिक काम नव्हे, असा त्यामागील विचार होता. संस्था उद्योग, पण तेथे शिकविणारा कामगार नाही, अशी ही विसंगती होय. २०२० च्या संहितेतील 'कामगार' या व्याख्येची शब्दरचनाही जुन्याच वळणाची आहे.

न्यायालयाचा हेतू शिक्षकाचा गौरव करण्याचा होता, यात शंका नाही. पण या गौरवाची किंमत तपासली पाहिजे. अध्यापनाला निखळ बौद्धिक वा आत्मिक कार्य मानले की ते करणारा देह दृष्टीआड होतो. 'गुरु' या पदाला कंठ असतो तो उपदेशापुरता; त्याला सूज येऊ शकते, ही कल्पना त्या प्रतिमेत बसत नाही. अध्यापकवर्गानेही ही प्रतिमा आनंदाने स्वीकारली आहे. बसलेल्या आवाजाने तास घेणाऱ्याची निष्ठा आपण वाखाणतो. त्याने तास का घ्यावा, असे विचारत नाही.

या उदात्ततेचा सर्वाधिक भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकांवर पडतो. कायम अध्यापक निदान वैद्यकीय रजा घेऊ शकतो. घेतलेल्या तासांवर ज्याचे मानधन ठरते त्याच्या दृष्टीने आवाज बसणे म्हणजे उत्पन्न बुडणे. म्हणून तो सुजलेल्या स्वरतंतूंवर बोलत राहतो आणि तात्पुरता विकार कायमचा होण्याची वाट मोकळी करतो. गिरणी कामगाराच्या खाड्यापेक्षा ही स्थिती फारशी वेगळी नाही.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आवाजाचे विकार अनेक कारणांनी होतात : आम्लपित्त, अधिहर्षता, धूम्रपान, घरातील बोलणे. मग त्यांचे उत्तरदायित्व कामावर कसे टाकावे? हा आक्षेप खरा आहे, पण तो दम्यालाही लागू पडतो. अनेक कारणे असलेल्या रोगात व्यवसायाचा वाटा ठरविण्याच्या पद्धती वैद्यकशास्त्राने विकसित केल्या आहेत. पोलंडने सेवाकाल आणि स्वरयंत्राची तपासणी यांची सांगड घालून तेच केले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांचे सिलिकोसिसने प्राण गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांच्या दुरवस्थेचा अभ्यास केला. त्यांच्यापुढे प्राध्यापकाच्या बसलेल्या घशाचे कौतुक काय? या आक्षेपापुढे नम्र होणेच योग्य. ज्या पाटी-पेन्सिलीवर पिढ्या शिकल्या तिची धूळ कोणाच्या छातीत साठली, हे शिक्षणक्षेत्राने विसरता कामा नये. परंतु यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जो वर्ग स्वतःच्या कामाच्या जागेची हवा मोजत नाही, तो इतरांच्या हवेविषयी बोलण्याचा अभ्यास कोठून करणार? स्वतःच्या श्रमाला श्रम म्हणून ओळखणे ही इतर श्रमिकांशी नाते जोडण्याची पहिली पायरी आहे.

समारोप

उपाय अवघड नाहीत. फळा ओल्या फडक्याने पुसणे, समोरासमोरच्या खिडक्या आणि त्यांवरील झडपा वापरात ठेवणे, मोठ्या वर्गांत साधा ध्वनिवर्धक देणे, सलग तासांमध्ये खंड ठेवणे, चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घेणे – यांतील बहुतेक गोष्टी महाविद्यालय स्वतःच्या अधिकारात करू शकते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ पासूनच्या चौकटीमुळे हरित परीक्षण आणि ऊर्जा परीक्षण हे शब्द महाविद्यालयांना परिचित झाले. आवारातील झाडे मोजली गेली, दिवे मोजले गेले. त्याच परीक्षणात दुपारच्या तिसऱ्या तासाला भरलेल्या वर्गातील कार्बन डायऑक्साइड आणि गोंगाट मोजण्यास कोणाची हरकत नव्हती आणि नाही. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विभाग ज्या आवारात एकत्र नांदतात तेथे आपल्याच वर्गांची पाहणी करणे हा आंतरविद्याशाखीय संशोधनाचा सहज हाताशी असलेला विषय आहे.

कायद्याचा मार्गही बंद नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक उपदान अधिनियमातील 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत असे म्हटले, तेव्हा संसदेने २००९ साली ती व्याख्या बदलली आणि ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना तिच्यात सामावून घेतले. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेसाठी जे घडले ते निवृत्तीपर्यंत टिकावयाच्या आवाजासाठीही घडू शकते. मात्र उपदानाची मागणी संघटनांनी लावून धरली होती. आवाजाची मागणी अद्याप मागणी म्हणून उच्चारलीही गेलेली नाही. ज्यांचा व्यवसायच बोलणे आहे, त्यांनी याच एका विषयावर मौन पाळले आहे. ते सोडण्यासाठी वर्गातली खिडकी कोणत्या बाजूला उघडते आणि तिच्यातून काय आत येते, हे पाहण्यापासून आरंभ करता येईल.